बागेतील आणि ओढ्याकाठच्या कीटकांच्या व रानफुलांच्या नोंदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पश्चिमेला, भुकूमजवळच्या खाटपेवाडीच्या परिसरात उगम पावणारी रामनदी भूगाव, बावधन, पाषाण असा प्रवास करत औंधजवळ मुळेला मिळते. वरच्या टप्प्यात तिला डोंगरउतारांवरून येणारे अनेक लहान ओढे मिळतात. अशाच एका ओढ्याला आमच्या बागेची मागची बाजू लागून आहे. ही बाग आणि ओढ्याचा साधारण दोनशे पावलांचा काठ, एवढ्याच जागेत आम्ही गेली काही वर्षे कीटकांच्या आणि रानफुलांच्या नोंदी ठेवत आहोत. शेजारी, शाळकरी मुले आणि नव्याने या कामात रस घेणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

नोंद म्हणजे नेमके काय लिहायचे?

काय दिसले, कोठे दिसले, कधी दिसले आणि कोणी पाहिले, या चार गोष्टी लिहिल्या की नोंद झाली. त्यांतील एक जरी सुटली, तरी बाकीच्या तिघींचे मोल जवळजवळ संपते. “ओढ्याकाठी पिवळी फुले खूप होती” हे वाक्य लिहिताना पुरेसे वाटते. दोन वर्षांनी त्याचा लिहिणाऱ्यालासुद्धा उपयोग होत नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत अशी वाक्ये पानोपानी आहेत. ती पिवळी फुले कवल्याची होती की सोनकीची, आणि ती भाद्रपदात पाहिली की आश्विनात, हे आता कोणत्याही उपायाने ठरवता येत नाही, याची रुखरुख मला अजून लागून आहे.

त्याऐवजी नोंद अशी असावी : “१२ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ, स्वच्छ ऊन. फरशीच्या वरच्या अंगाला, डावा काठ. कवला, चाळीसेक झाडे, पूर्ण फुलोऱ्यात. फुलांवर दोन सातेरी माश्या.” फरशी म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा फरशीपूल. डावा काठ म्हणजे पाणी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला येणारा काठ. हे एकदा ठरवून घेतले नाही, तर दोन माणसांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत.

फोनवर काढलेल्या फोटोला तारीख आपोआप जोडली जाते, म्हणून वही लागत नाही, असे अनेकांना वाटते. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून दुसऱ्याकडे गेला की फोटो काढल्याची वेळ आणि जागा ही माहिती त्यातून निघून जाते. त्यामुळे फोटो असला तरी वहीत एक ओळ लिहावीच.

मला नावे येत नाहीत. तरीही नोंदी ठेवता येतील का?

येतील. नाव नंतरही शोधता येते, वर्णन मात्र त्याच क्षणी करावे लागते. कीटक असेल तर पाय किती, पंखांच्या जोड्या किती, बसल्यावर पंख मिटलेले की पसरलेले, अंगावर पट्टे की ठिपके, आणि तो कोणत्या झाडावर काय करत होता, एवढे लिहावे. झाड असेल तर उंची, पानांची मांडणी समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या किती, खोड चौकोनी की गोल, पान चुरगाळल्यावर वास येतो का, हे लिहावे. असे पाहण्याची सवय लागली की काही गोष्टी आपोआप उलगडतात. मृगाचा पाऊस पडला की मातीवर फिरणारा मखमली लाल मृगाचा किडा आपण लहानपणापासून “किडा” म्हणूनच ओळखतो. त्याचे पाय शांतपणे मोजले तर ते आठ भरतात. तो कीटक नसून कोळ्यांच्या कुळाजवळचा जीव आहे. तरीही आम्ही त्याची नोंद ठेवतो, कारण त्याच्या येण्याची तारीख आम्हाला पावसाच्या पहिल्या सरीइतकीच महत्त्वाची वाटते.

मराठी नावांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. एकच नाव दोन वेगळ्या झाडांना असते आणि एकाच झाडाला दोन गावांत दोन नावे असतात. म्हणून नाव लिहिताना ते कोणत्या भागातील आहे, हेही लिहावे. आमच्या भागात रानभाज्या गोळा करणाऱ्या आजी या कामातल्या सर्वांत भरवशाच्या जाणकार आहेत. टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी ही झाडे त्या फुलावर येण्याची वाट न पाहता, दोन-चार पानांवर असतानाच ओळखतात. पुस्तके बहुधा फुलावरून ओळख सांगतात, त्यामुळे जूनमधल्या कोवळ्या रोपांसमोर पुस्तक जेथे अडते, तेथून पुढे त्या आम्हाला नेतात.

घरच्या बागेत नोंदवण्यासारखे असते तरी काय?

सुरुवात कढीलिंबापासून करावी. कढीलिंबाच्या, लिंबाच्या किंवा बेलाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखे काही दिसले तर ते पुसून टाकू नये. ती बहुधा फुलपाखराची लहान अळी असते. तपकिरी-काळ्या अंगावरच्या पांढऱ्या डागांमुळे ती खाण्याजोगी वाटत नाही, आणि हेच तिचे संरक्षण असते. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते. तिला गवताच्या काडीने हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून तांबूस, दोन टोकांचे शिंगासारखे इंद्रिय बाहेर येते आणि उग्र आंबट वास सुटतो. कढीलिंबावर बहुतेक वेळा कॉमन मॉरमॉन सापडतो आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय. लिंबूवर्गीय झाडांवर ब्लू मॉरमॉनही अंडी घालतो. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडला तो हाच. राज्य फुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य.

या अळ्यांच्या नोंदी रोज ठेवता आल्या तर फार चांगले. किती अळ्या होत्या, त्यांतील किती कोषापर्यंत पोचल्या, किती कुंभारीण माश्यांनी किंवा पक्ष्यांनी नेल्या, हे लिहिताना एका छोट्या झाडावरचा सगळा संसार डोळ्यांसमोर येतो. कढीलिंबाची काही पाने जातात हे खरे. झाडाला पुन्हा पालवी फुटते.

वाफ्यातून उपटून टाकतो ती घोळ हे डॅनाइड एगफ्लाय या फुलपाखराच्या अळीचे खाद्य आहे. कुंपणाजवळची रुई प्लेन टायगरच्या अळ्यांचे घर आहे. खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगांवर आणि जखमी पानांवर टायगर आणि क्रो गटांतील नर फुलपाखरे सोंड लावून तास-तासभर बसलेली दिसतात. त्यांना तेथे मध मिळत नाही. झाडातील कडू द्रव्ये ती शोषून घेतात आणि त्यांपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. सिमेंटच्या हौदाच्या भिंतीला चिकटून बसणारा, भिंतीच्याच रंगाचा चतुर अनेकांच्या नजरेतून सुटतो. तो ग्रॅनाइट घोस्ट असतो आणि अशा हौदांतच त्याची पिल्ले वाढतात. हौद घासण्याआधी पाण्यात एकदा वाकून पाहावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

लावलेल्या झाडांची नोंद करायची का?

करावी, पण “लागवड” असे स्पष्ट लिहावे. झाड आपण लावलेले असले तरी त्यावर येणारी माशी आपण आणलेली नसते.

ओढ्यात उतरल्यावर काय पाहायचे?

वाहत्या पाण्यातला मुठीएवढा दगड हळूच उचलून त्याची खालची बाजू पाहावी. दगडाला चिकटलेले, चपट्या अंगाचे, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले हलवणारे आणि मागे बहुधा तीन लांब शेपट्या असलेले जीव दिसले, तर ती मेफ्लायची पिल्ले असतात. वाळूचे कण किंवा काडीकचरा रेशमाने जोडून केलेली, बोटाच्या पेराहून लहान नळी दिसली, तर आत कॅडिसफ्लायची अळी असते. ही नळी पहिल्यांदा पाहताना कचऱ्याचा तुकडा वाटतो. क्षणभर थांबले की तिच्या तोंडातून डोके आणि पुढचे पाय बाहेर येतात आणि सगळे घर ओढत अळी चालू लागते. दगड जसा होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवावा. उपडा ठेवला तर खालच्या बाजूचे जीव उघडे पडतात.

या दोन्ही गटांतील बहुतेक जीवांना भरपूर प्राणवायू असलेले, वाहते पाणी लागते. उलट, सांडपाणी मिसळून गाळ साचलेल्या जागी लालभडक, दोऱ्यासारख्या अळ्या वाढतात. त्या डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या असतात, आणि त्यांच्या रक्तातील लाल द्रव्यामुळे त्या कमी प्राणवायूतही तग धरतात. म्हणून दगडाखाली काय सापडले ही नोंद म्हणजे पाण्याच्या प्रकृतीची नोंद असते. आमच्या ओढ्यात वरच्या अंगाला मेफ्लाय आणि फरशीच्या खाली, जेथे एक गटाराची नळी येऊन मिळते तेथे, लाल अळ्या, असे चित्र शंभर पावलांच्या आत दिसते.

काठावर चतुर आणि टाचण्या पाहाव्यात. बसल्यावर पंख आडवे पसरतो तो चतुर आणि बहुतेक वेळा पाठीवर मिटून घेते ती टाचणी. मात्र उडणारा चतुर कोठूनही आलेला असू शकतो. तो याच ओढ्यात वाढला हे सिद्ध करायचे असेल तर दगडांवर आणि पाणकणसाच्या पानांवर चिकटलेली, पाठीवर फाटलेली रिकामी कात शोधावी. सकाळी लवकर गेले तर कातीशेजारी ओल्या, फिकट पंखांचा नवा चतुर अंग वाळवत बसलेला सापडतो. त्या वेळी त्याला हात लावू नये. अशी एक कात आमच्या वहीत दहा उडत्या चतुरांहून अधिक मोलाची मानली जाते.

किती वेळ आणि किती वेळा पाहायचे?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी. आम्ही सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान बागेच्या फाटकापासून उंबरापर्यंत सावकाश चालतो आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर व समोर पाच मीटर, एवढ्या चौकटीत दिसलेली फुलपाखरे मोजतो. ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांची देशव्यापी मोजणी याच रीतीने चालते. रीत साधी असल्यामुळेच ती इतकी वर्षे टिकली, असे मला वाटते. मध्येच चौकटीबाहेर काही सुंदर दिसले तर ते वेगळ्या ओळीत लिहावे. मोजणीत मिसळू नये.

दुसरी रीत बसून पाहण्याची आहे. फुललेल्या झाडाचा हातभर लांबी-रुंदीचा तुकडा निवडावा आणि दहा मिनिटे तेथे किती कीटक येऊन फुलाला शिवतात ते मोजावे. माश्या, भुंगे, फुलपाखरे, मुंग्या, भुंगेरे असे गट केले तरी पुरते. एकदांडीच्या क्षुल्लक वाटणाऱ्या फुलांवर दहा मिनिटांत येणारी वर्दळ पाहिली की तिला तण म्हणून उपटण्याआधी हात थबकतो.

काहीच दिसले नाही तर “काही नाही” असे लिहावे. वहीत ओळ नसेल तर त्या दिवशी कीटक नव्हते की आपण गेलो नव्हतो, हे नंतर कळत नाही.

रोज तीच ती फुलपाखरे दिसतात. तीच पुन्हा काय लिहायची?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि याचे उत्तर मी थोडे आग्रहाने देतो. दुर्मीळ जीव दिसला की माणसे तो आपणहून नोंदवतात. नेहमीचे मात्र कोणीच लिहीत नाही. मग एखादे दिवशी कोणी म्हणते, “पूर्वी काजवे किती असायचे”, आणि किती असायचे ते कोठेच लिहिलेले नसते. नेहमीच्या जीवांच्या सलग नोंदी हाच बदल ओळखण्याचा मार्ग आहे.

नेहमीचे म्हणजे साधे असेही नसते. पावसाळ्याच्या शेवटी मैदानांवर थव्यांनी घिरट्या घालणारा पिवळसर चतुर, वाँडरिंग ग्लायडर, सर्वांच्या पाहण्यातला आहे. चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मालदीवमधील निरीक्षणांवरून असे मांडले की हे चतुर ऑक्टोबरच्या सुमारास भारताकडून निघून समुद्रावरून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. आपल्या गच्चीवरून त्यांचे थवे कोणत्या तारखेला दिसेनासे झाले, ही ओळ त्या प्रवासाच्या सुरुवातीच्या टोकाची नोंद असू शकते.

पावसाळा संपला की नोंदी थांबवायच्या का?

थांबवू नयेत. मृग ते हस्त हा फुलांचा भर असतो हे खरे, आणि “तेरड्याचा रंग तीन दिवस” म्हणतात तसा प्रत्येक फुलाचा काळही छोटा असतो. गौरीच्या आधी आठवड्यातून दोनदा फेरी मारली तरी ती कमीच पडते. दिवाळीनंतर गवत पिवळे पडते आणि कीटकांची रूपेही बदलतात. पावसाळ्यात पंखांवर ठसठशीत डोळे मिरवणारे कॉमन इव्हनिंग ब्राउन हे फुलपाखरू कोरड्या ऋतूत वाळक्या पानासारखे दिसते, आणि नवशिक्यांना ती दोन वेगळी फुलपाखरे वाटतात. उन्हाळ्यात ओढ्याच्या उरलेल्या डबक्यांभोवतीची ओली वाळू पाहावी. तेथे फुलपाखरांचे नर क्षार मिळवण्यासाठी चिखलपान करताना घोळक्याने बसतात. मेच्या अखेरीस काजव्यांसाठी रात्रीची एक फेरी राखून ठेवावी, आणि त्या वेळी विजेरी बंद ठेवावी.

फोटो कसे काढावेत?

झाडाचे किमान पाच : पूर्ण झाड, पानाची वरची आणि खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, आणि फळ किंवा शेंग असल्यास तीही. नुसत्या फुलाच्या फोटोवरून बऱ्याच झाडांची ओळख ठरत नाही. कीटकाचा पाठीवरून आणि बाजूने असा दोनदा फोटो घ्यावा. फुलपाखराच्या मिटलेल्या पंखांची बाजू विशेष महत्त्वाची असते.

कीटक पकडावेत का, फुले तोडावीत का?

आम्ही पकडत नाही आणि तोडत नाही. काही फुलपाखरे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, आणि घरच्या नोंदींसाठी फोटो व वर्णन पुरेसे असते. पाण्यातले जीव पांढऱ्या ताटलीत घेऊन पाहता येतात. दोन-तीन मिनिटांत त्यांना त्याच जागी सोडावे.

नोंदी ऑनलाइन कोठे देता येतात? ओळख चुकली तर?

आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ही दोन ठिकाणे आम्ही वापरतो. आयनॅचरलिस्टवर फोटो, तारीख आणि जागा दिली की इतर लोक ओळख सुचवतात. ओळख देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांचे प्रजातीवर एकमत झाले की नोंद अभ्यासयोग्य दर्जाची ठरते. लागवडीचे झाड रानटी म्हणून नोंदवले तर मात्र तो दर्जा फसवा ठरतो, म्हणून “लागवड” ही खूण विसरू नये. घराच्या बागेतील नोंद देताना अचूक ठिकाण झाकण्याची सोय वापरावी.

ओळख चुकणे हा दोष नाही. वहीतली जुनी ओळख खोडू नये; तिच्यापुढे नवी ओळख, तारीख आणि कोणी दुरुस्त केली ते लिहावे. खात्री नसेल तेथे “निळ्या गटातील लहान फुलपाखरू” एवढेच लिहिणे खोट्या अचूकतेपेक्षा केव्हाही चांगले.

मुलांना ओढ्यावर नेताना काय काळजी घ्यावी?

वरच्या डोंगरावर ढग दाटले असतील तर ओढ्यात उतरू नये. आपल्याकडे पाऊस नसतानाही पाणी अचानक चढते. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात पाय घालू नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. गवतात गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत आणि काठीने वाट चाचपावी, या भागात घोणस आणि फुरसे दोन्ही आहेत. आग्यामोहोळाच्या झाडाखाली थांबू नये.

या नोंदींचा उपयोग काय?

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ओढ्याच्या खालच्या अंगाला खोलीकरणासाठी यंत्र आले आणि दोन दिवसांत दगडगोटे, काठावरच्या शेरणीची झुडपे आणि वाळुंजाची मुळे उपसून गेले. काम करणाऱ्यांचा हेतू पाणी अडवण्याचा होता. तेथे काय होते हे सांगायला आम्ही गेलो तेव्हा, “येथे तर नुसते झुडूप होते” असे उत्तर मिळाले. पुढच्या खेपेला आम्ही वही घेऊन गेलो. कोणत्या दगडांखाली काय सापडत होते, कोणत्या झुडपावर कोणत्या महिन्यात किती माश्या येत होत्या, हे तारखांसह समोर ठेवल्यावर वरचा टप्पा तसाच ठेवण्याचे मान्य झाले. उपसलेल्या टप्प्यात शेरणी अजून परतलेली नाही, हेही वहीत दर महिन्याला लिहिले जाते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या नोंदवह्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. आपल्या वहीची प्रत या समितीकडे लेखी पत्रासह द्यावी आणि पोच घ्यावी.

उंबराला फूल दिसत नाही. मग “फुलोरा” या रकान्यात काय लिहायचे?

हा प्रश्न एका सातवीतल्या मुलीने विचारला आणि तेव्हापासून आमच्या वहीत उंबरासाठी वेगळे पान आहे. उंबराची फुले आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत असतात. फळाच्या टोकावरील बारीक छिद्रातून मुंगीहूनही लहान माशी आत शिरते, परागण करते आणि काही फुलांत अंडी घालते. पुढे आतल्या आत नर-मादींचे मीलन होते, बिनपंखी नर बाहेर पडण्याची वाट कुरतडतात आणि पराग घेतलेल्या माद्या त्या वाटेने दुसऱ्या उंबराकडे उडतात. म्हणून त्या पानावर आम्ही फळांचा आकार, रंग, त्यांवर बाहेर पडण्याची छिद्रे आहेत की नाहीत, आणि खोडाच्या कोणत्या बाजूला ती आहेत, एवढे लिहितो. महिन्यातून एक कच्चे उंबर धारदार पात्याने मधोमध कापून भिंगाखाली पाहतो. मागच्या खेपेला त्या मुलीने भिंग बाजूला ठेवून रकान्यात लिहिले : “फुलोऱ्यात. माश्या आत आहेत, पंख अजून ओले.”